देणगीदारांची कागदपत्रं सांभाळायची कशी? संस्थेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा आमच्या संस्थेचं कार्यालय सहकारनगर भागात एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. सकाळी शटर उघडलं तर आत गुडघाभर चिखल. कपाटाचे वरचे तीन कप्पे कोरडे होते, सगळ्यात खालचा पाण्यात गेला होता. जुनं खाली आणि नवं वर अशीच आपल्याकडे रीत असते, त्यामुळे भिजल्या त्या नेमक्या जुन्या फायली.

त्यात एक पत्र होतं. एका निवृत्त शिक्षिकेने यजमानांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ५१,००० रुपयांची कायम ठेव दिली होती आणि व्याजाचं काय करायचं ते शाईच्या पेनाने दोन पानं भरून लिहिलं होतं. शाई सगळी पसरली होती. वाचता आली ती फक्त शेवटची ओळ: ‘एवढे कराल असा विश्वास आहे.’ बाई तोवर हयात नव्हत्या. खतावणीत रक्कम होती, बँकेत मुदतठेव होती, पण ते ‘एवढे’ म्हणजे काय, हे कुठेच नव्हतं. शेवटी एका जुन्या वार्षिक अहवालात दीड ओळ सापडली: व्याजातून दरवर्षी जून महिन्यात मुलींना वह्या आणि दप्तरं. दुसऱ्या पानावर काय होतं ते आजही आम्हाला माहीत नाही.

संस्थेत देणगी विभागात, हिशेबात किंवा ‘जरा संगणकाचं बघा’ म्हणून जे नव्याने रुजू झाले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पैसे बँकेत सुरक्षित असतात. देणगीदाराचा शब्द मात्र आपल्या कपाटात, आपल्या संगणकात असतो, आणि आपण नोकरी सोडून गेल्यावरही तो पुढच्या माणसाला सापडला पाहिजे. खालची सगळी कामं त्यासाठी आहेत.

सुरुवात वही आणि पेनाने

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हा पहिला प्रश्न नाही. पहिले दोन दिवस एक वही घ्या आणि देणगीदारांचे कागद कुठेकुठे आहेत त्याची मोजदाद करा. कपाट आणि बॉक्स फायली तर दिसतातच. त्याशिवाय टेबलाचे खण बघा. हिशेबनिसांचा लॅपटॉप बघा. संस्थेचा ई-मेल, अध्यक्षांचा खासगी ई-मेल, खजिनदारांचं व्हॉट्सअ‍ॅप आणि सीएंच्या कार्यालयात ऑडिटला नेलेल्या आणि परत न आलेल्या फायली, हे सगळं वहीत आलं पाहिजे. आमच्या मोजदादीत एकूण अकरा ठिकाणं निघाली. त्यातलं एक म्हणजे माजी सचिवांच्या घरचा माळा.

प्रत्येक ठिकाणापुढे तीन गोष्टी लिहा: काय आहे, साधारण कोणत्या वर्षांचं आहे, आणि दुसरी प्रत कुठे आहे का. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ असेल तो कागद आधी स्कॅन करायचा. वर्षानुसार किंवा वर्णानुक्रमे जायचं नाही. ज्याची दुसरी प्रत नाही, तो पहिला.

कोणते कागद किती वर्षं

सगळंच कायम ठेवायचं म्हटलं की काहीच नीट राहत नाही. म्हणून कागद हातात आला की विचारायचं, हा कशासाठी लागेल?

कायद्यासाठी लागणारे कागद वेगळे. प्राप्तिकर नियमांतला नियम १७एए ऑगस्ट २०२२ मध्ये आला. त्यात धर्मादाय संस्थांनी कोणत्या वह्या आणि नोंदी ठेवायच्या ते सांगितलं आहे, आणि मिळालेल्या देणग्यांच्या नोंदीत देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आणि उपलब्ध असल्यास आधार येतो. या नोंदी संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून १० वर्षं ठेवायच्या असतात. हिशेब करून बघा: आर्थिक वर्ष २०२४-२५ चं कर-निर्धारण वर्ष २०२५-२६, ते संपलं ३१ मार्च २०२६ ला, म्हणजे पावतीची स्थळप्रत ३१ मार्च २०३६ पर्यंत जपायची. एखाद्या वर्षाचं प्रकरण खात्याने पुन्हा उघडलं असेल तर ते निकाली निघेपर्यंत. नोंदी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायला नियमात मुभा आहे, ही आपल्या सोयीची गोष्ट.

८०जी कलमाखाली देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या संस्थांना आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून फॉर्म १०बीडी हे देणग्यांचं विवरणपत्र भरावं लागतं. मुदत पुढच्या ३१ मे ची. ते भरलं की पोर्टलवर प्रत्येक देणगीदारासाठी १०बीई प्रमाणपत्र तयार होतं. ते उतरवून देणगीदाराला पाठवायचं आणि एक प्रत त्याच्या फोल्डरमध्ये ठेवायची. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय दंडाची तरतूद वेगळी. विवरणपत्रात देणगीदाराचा ओळख क्रमांक लागतो: पॅन किंवा आधार, आणि ते दोन्ही नसेल तर पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, शिधापत्रिका यांपैकी एक. म्हणजे मे महिन्यात देणगीदारांना फोन करकरून पॅन मागायचा नसेल तर पावती फाडतानाच तो घ्यायचा.

इथे एक सल्ला, जो मला फार उपयोगी पडला. फोल्डरला कलमाचा किंवा फॉर्मचा क्रमांक नाव म्हणून देऊ नका. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या अधिनियमाच्या जागी प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. ‘८०जी’ नावाच्या फोल्डरमध्ये काय आहे हे दहा वर्षांनी येणाऱ्या मुलीला कळणार नाही. ‘करसवलत-प्रमाणपत्रं’ असं नाव दिलं तर कळेल.

देणगीदाराच्या शब्दाचे कागद ही वेगळीच गोष्ट. कॉर्पस म्हणजे कायम निधीसाठी दिलेल्या देणगीबरोबर ‘ही रक्कम कॉर्पससाठी आहे’ असं देणगीदाराचं स्पष्ट लेखी पत्र हवं. ते नसेल तर ऑडिटमध्ये ती रक्कम त्या वर्षाचं साधं उत्पन्न धरली जाऊ शकते, आणि मग ती खर्च केल्याचा हिशेब द्यावा लागतो. स्मृतीप्रीत्यर्थ ठेवी, शिष्यवृत्तीच्या अटी, एखाद्या खोलीला किंवा वाचनालयाला नाव देण्याचा करार, इच्छापत्राची प्रत हे कागद दहा वर्षांचे नाहीत. संस्था आहे तोवर ते ठेवायचे. मूळ प्रत आणि स्कॅन दोन्ही.

उरलेलं, म्हणजे कार्यक्रमाच्या निमंत्रणाला आलेली उत्तरं, जुने पत्त्यांचे कागद, एकाच चेकच्या तीन-तीन झेरॉक्स, वर्षाचं ऑडिट झालं की काढून टाका.

परदेशातल्या देणग्यांचं फोल्डर पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. पुण्यात घरटी एक मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, त्यामुळे हा प्रश्न लहान संस्थेपुढेही येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि परदेशी राहणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी ही विदेशी अंशदान धरली जात नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी त्याची देणगी विदेशीच. ती एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. म्हणून अशा देणगीदाराच्या फोल्डरमध्ये पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत हवीच. ‘आपला शेजारचाच मुलगा आहे’ एवढ्यावर नोंद करू नका. त्याच्या आईला नीट समजावून सांगितलं की ती स्वतःहून प्रत पाठवते.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीचे कागद मुळातच नीटनेटके येतात. करार, हप्त्यांची पत्रं, विनियोग प्रमाणपत्रं आणि आपला सीएसआर-१ नोंदणी क्रमांक एका फोल्डरमध्ये असला की पुरे.

नावाने नको, क्रमांकाने

पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पेशवे दफ्तरात, मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि प्रत्येक रुमालाला क्रमांक आहे. अभ्यासक क्रमांक सांगतो, रुमाल बाहेर येतो. आपल्या फोल्डरांचंही तसंच हवं.

नावाने फोल्डर केले की काय होतं ते मी पाहिलं आहे. ‘कुलकर्णी’ इंग्रजीत चार जणांनी चार प्रकारे लिहिलं. ‘सौ. सुनंदा’ आणि ‘एस. व्ही.’ या एकच व्यक्ती आहेत हे फक्त जुन्या लिपिक काकांना माहीत होतं, आणि काका निवृत्त झाले. चेक नवऱ्याच्या खात्याचा, पावती बायकोच्या नावाची, पॅन मुलाचा, असंही होतं. त्यातला पावती आणि पॅनचा घोळ तर ३१ मे च्या आत सोडवावाच लागतो.

म्हणून प्रत्येक देणगीदाराला एक क्रमांक द्या, समजा दा-०४१२. तो क्रमांक एकदा दिला की कधी बदलायचा नाही, देणगीदार वारले तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. डेटाबेसमध्ये, म्हणजे देणगीदारांच्या संगणकातल्या नोंदवहीत हाच क्रमांक, फोल्डरवर हाच क्रमांक, कपाटातल्या कागदी फाइलच्या कण्यावरही हाच क्रमांक. एका घरातल्या दोन देणगीदारांना दोन क्रमांक द्या आणि ‘संबंधित’ या रकान्यात एकमेकांचा क्रमांक लिहा. पॅन हा माणसागणिक वेगळा असतो म्हणून तोच क्रमांक वापरावा असं वाटेल, पण तसं करू नका. फाइलच्या नावात पॅन आला की ती फाइल जिथे जिथे पाठवाल तिथे तिथे पॅन पोचतो.

फाइलचं नाव असं: आधी तारीख, मग देणगीदार क्रमांक, मग कागदाचा प्रकार, मग पावती क्रमांक. उदाहरणार्थ ‘२०२५-०६-१४_दा०४१२_पावती_००८७’. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे संगणक आपोआप क्रमाने लावतो. मी इथे देवनागरीत लिहिलं आहे, पण प्रत्यक्ष फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवा. देवनागरी नावांच्या फायली झिप करून दुसऱ्या संगणकावर उघडल्या की काही वेळा नावांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. मराठी मजकूर फाइलच्या आत आणि डेटाबेसच्या रकान्यात लिहा, तिथे तो युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात सुरक्षित राहतो.

युनिकोडचा विषय निघालाच आहे तर जुन्या फायलींबद्दलही सांगते. पुण्यातल्या बहुतेक संस्थांचा २०१० च्या आधीचा पत्रव्यवहार श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘आदरणीय’च्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि शोध घेतला तर काहीच सापडत नाही. फॉन्ट असलेला एखादा जुना संगणक अजून चालू असेल तर तो भंगारात देण्याआधी सगळी पत्रं त्यावर उघडून पीडीएफ करून घ्या, फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत करून. आमच्याकडे एका जुन्या डेस्कटॉपवर हे काम तीन शनिवार चाललं आणि १९९८ पासूनची आभारपत्रं वाचता येऊ लागली.

स्कॅन करताना

पावत्या आणि चेकच्या प्रतींना २०० डीपीआय पुरतं. हाताने लिहिलेल्या पत्राला ३०० ठेवा. कार्बन प्रतीची अक्षरं फिकी असतात, त्या काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केल्या तर अर्धी अक्षरं उडतात, म्हणून त्यांना करड्या छटांचा पर्याय निवडा. मोबाइलवरच्या स्कॅनिंग अ‍ॅपने काम होतं, पण नुसता फोटो काढून चढवू नका. थोडा हिशेब मांडते: ३,००० देणगीदार, प्रत्येकाचे तीन कागद, म्हणजे ९,००० फायली. फोटो साधारण ४ एमबीचा धरला तर ३६ जीबी. नीट स्कॅन केलेली पीडीएफ ३०० केबीची धरली तर पावणेतीन जीबीच्या आत. जागा विकत घ्यायची वेळ आली की हा फरक खिशाला कळतो.

पानाची मागची बाजू नेहमी बघा. आपल्याकडे वडीलधारी माणसं कागद वाया जाऊ देत नाहीत, उरलेलं मागे लिहितात. महत्त्वाची अट पुष्कळदा तिथेच असते: ‘ता. क. माझ्या पश्चात व्याज त्याच कामी वापरावे.’

कार्ड मशिनच्या आणि बँकेतल्या भरणा मशिनच्या गुळगुळीत स्लिपा वर्षभरात कोऱ्या होतात. त्या आल्या त्याच दिवशी स्कॅन करा. पावसाळ्यात दमट झालेले कागद यंत्रात घालण्याआधी पंख्याखाली पसरा. भिजलेले असतील तर पानांमध्ये टिपकागद घालून सावलीत वाळवा, उन्हात टाकले की कागद आक्रसतो आणि शाई उडते. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. आम्ही पुरानंतर घाईने ओढली, आणि काही पत्रांचे तुकडे त्यातच झाले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्कॅन म्हणजे चित्र. ते ठेवलं म्हणजे काम झालं असं समजू नका. डेटाबेसमध्ये ‘अट’ नावाचा मोठा रकाना करा आणि देणगीदाराचं वाक्य त्यात जसंच्या तसं टाइप करा. ‘शैक्षणिक मदत’ असा सारांश नको. त्यांनी ‘इयत्ता आठवीतल्या दोन मुलींना, शक्यतो आमच्या गावच्या’ असं लिहिलं असेल तर तसंच लिहा. चित्र हरवलं तर शब्द उरतात, आणि ‘वह्या’ असं शोधलं की ती देणगी समोर येते. त्या बाईंच्या बाबतीत आमच्याकडे असा एक रकाना असता तर दुसरं पान गेलं नसतं.

फाइल डेटाबेसमध्ये ठेवायची की बाहेर

डेटाबेसमध्ये नोंद असते आणि फाइल असते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद काही केबींची, फाइल तिच्या शेकडो पट. बहुतेक मोठी सॉफ्टवेअरं या दोन्हींची जागा वेगळी मोजतात. सेल्सफोर्समध्ये नोंदींची जागा आणि फायलींची जागा यांचे कोटे वेगवेगळे आहेत. सिव्हिसीआरएम हे मुक्त सॉफ्टवेअर जोडलेल्या फायली डेटाबेसच्या बाहेर, सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवतं.

माझं मत स्पष्ट आहे. पत्र, करार, पासपोर्टची प्रत, १०बीई असे एकेकटे महत्त्वाचे कागद नोंदीला जोडा. पावत्यांच्या स्थळप्रती, बँकेची विवरणपत्रं, कार्यक्रमांचे फोटो बाहेर गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हवर ठेवा आणि नोंदीत फक्त दुवा द्या. तुमच्या संस्थेत अजून एक्सेलच असेल तरी बिघडत नाही. शेवटच्या रकान्यात फोल्डरचा दुवा टाका, बाकी सगळं इथे सांगितलं तसंच. हजारभर देणगीदारांपर्यंत नीट ठेवलेली एक्सेल अर्धवट भरलेल्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा चांगली.

ड्राइव्ह वापरताना एक चूक हमखास होते. कार्यकर्ती स्वतःच्या खात्यात फोल्डर बनवते आणि सगळ्यांना शेअर करते. सगळ्यांना दिसतं, म्हणून सगळे निश्चिंत असतात. पण मालकी तिच्या खात्याची असते. ती संस्था सोडते, फायली दुसऱ्याच्या नावे न करता कोणीतरी तिचं खातं बंद करतं, आणि फोल्डर जातं. शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवलेल्या फायली संस्थेच्या मालकीच्या राहतात, माणूस गेला तरी त्या जात नाहीत. खासगी जीमेलवर संस्थेचा एकही कागद ठेवायचा नाही, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका.

कोणाला काय दिसावं

स्वयंसेवकाला नाव, फोन आणि मागच्या देणगीची तारीख दिसली की त्याचं काम होतं. पॅन आणि बँकेचा तपशील हिशेबनीस आणि खजिनदार यांच्यापुरता. आधारची प्रत घ्यावीच लागली तर मास्क केलेली घ्या, तिच्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि ती आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून देणगीदाराला स्वतःला उतरवता येते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पॅन कार्डाचे फोटो टाकायची सवय मोडायला वेळ लागतो, पण मोडा. देणगीदाराने फोटो पाठवलाच तर तो उतरवून योग्य फोल्डरमध्ये ठेवा, मग चॅटमधून आणि फोनच्या गॅलरीतून काढा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तो संस्थांनाही लागू आहे. माहिती कशासाठी घेतो आहोत हे साध्या मराठीत सांगायचं, ती त्याच कामाला वापरायची, काम झालं की काढायची. दुसऱ्या कायद्याने जी ठेवावी लागते ती अर्थातच ठेवायची. एखाद्या देणगीदाराने ‘माझं नाव काढून टाका’ म्हटलं तर निरोप, पत्रं, फोन बंद करा, पण पावतीची नोंद तिच्या मुदतीपर्यंत राहणार हे त्यांना नम्रपणे कळवा.

प्रत, प्रतीची प्रत

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी वाड्यांमधले कागद एका दिवसात गेले. आज आपल्याला तीन प्रती ठेवणं सहज शक्य आहे. एक कामाची, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक क्लाउडवर. हार्डडिस्क त्याच कपाटात ठेवायची नाही. आमची कोथरूडला एका विश्वस्तांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर असते, पासवर्ड घालून. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती येते, प्रत घेतली की परत जाते, आणि वहीत सही होते.

बॅकअप घेताना फसगत होते ती इथे: डेटाबेसचा बॅकअप घेतला म्हणजे फायलींचा घेतला असं नसतं. सिव्हिसीआरएमचा डेटाबेस उतरवला तर फक्त नोंदी येतात, फायलींचं फोल्डर वेगळं उतरवावं लागतं. सेल्सफोर्सच्या साप्ताहिक निर्यातीत फायली हव्या असतील तर त्यांच्यासाठी वेगळ्या चौकटींवर खूण करावी लागते. खूण राहिली तर वर्षभर निर्यात व्यवस्थित चालते आणि त्यात एकही पत्र नसतं. म्हणून तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून पाच फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. नुसती यादी बघून भागत नाही, फाइल उघडली पाहिजे.

नष्ट करताना

मुदत संपलेले कागद रद्दीवाल्याला तसेच देऊ नका. त्यांवर नावं, पत्ते, पॅन, खातेक्रमांक असतात. आधी विश्वस्त मंडळाचा ठराव, मग यादी, मग कातरण यंत्र. यादीवर दोन सह्या आणि तारीख. संगणकातली फाइल काढताना क्लाउड आणि हार्डडिस्कवरूनही काढा, नाहीतर ती पुढच्या बॅकअपमधून परत येते. डेटाबेसमधल्या नोंदीत ‘कागद नष्ट, ठराव क्रमांक अमुक’ एवढी ओळ ठेवा, म्हणजे पुढे कोणी उगाच शोधत बसणार नाही.

शोधाची फेरी

हे सगळं चालतं आहे की नाही ते तपासायला आम्ही दर तिमाहीला एक फेरी करतो. खजिनदार काका पावती पुस्तकातले कुठलेही पाच क्रमांक सांगतात आणि घड्याळ लावून बसतात. प्रत्येक पावतीची स्थळप्रत, बँकेतली नोंद आणि देणगीदाराची अट दोन मिनिटांत समोर आली पाहिजे, आणि शोधायचं ते सगळ्यात नव्या माणसाने. मागच्या फेरीत चार सापडल्या. पाचवी सापडायला वीस मिनिटं लागली, कारण पावती बायकोच्या क्रमांकावर होती आणि पत्र नवऱ्याच्या फोल्डरमध्ये. रुजू होऊन तीन आठवडे झालेल्या मुलीने ती शोधली, ‘संबंधित’ रकान्यात दोघांचे क्रमांक भरले, अटीचं वाक्य टाइप केलं आणि मग पुढच्या फेरीची तारीख कपाटाच्या दारावर खडूने लिहिली.